विरघळणारे टाके नक्की कधी विरघळतात?

गेल्या महिन्यात सकाळी सव्वासातला भाचीचा व्हिडिओ कॉल आला. एवढ्या सकाळी तिचा फोन म्हणजे पोटात गोळाच. सिझेरियन होऊन दहा दिवस झालेले, बाळ मांडीवर, आणि हिचा चेहरा उतरलेला.

"मावशी, टाक्याच्या टोकाला दोरा बाहेर आलाय. सासूबाई म्हणतात, विरघळणारा आहे, हलकेच ओढ, सुटून येईल. ओढू का?"

तिनं कॅमेरा खाली नेला. टाक्याच्या रेषेच्या उजव्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरट दोरा दिसत होता. आजूबाजूला लाली नव्हती, सूज नव्हती, पू नव्हता. मी म्हटलं, "ओढायचं नाही, कात्रीही लावायची नाही. दहाला दवाखाना उघडला की दाखवून ये." ती गेली. डॉक्टरबाईंनी निर्जंतुक कात्रीनं तेवढं टोक कातडीलगत कापलं आणि दोन मिनिटांत घरी पाठवलं. विषय संपला.

पण भाची आमच्याच घराण्यातली. संध्याकाळी मेसेज आला : "विरघळणारा होता ना? मग दहा दिवसांत विरघळला का नाही? आणि तो विरघळला नाही, तर आतले विरघळतायत हे कशावरून?"

मी डॉक्टर नाही. बडोद्यात तीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, एवढीच माझी पुंजी. पण हा प्रश्न निम्म्याहून जास्त रसायनशास्त्राचाच आहे, आणि तो मला आवडला. शिवाय तुम्हां तरुण मंडळींपैकी कितीतरी जण आता आईवडिलांच्या ऑपरेशनच्या कागदांवर सह्या करायला लागला आहात. तेव्हा या वेळचं सदर या दोऱ्यावर.

आधी भाचीच्या पहिल्या प्रश्नाचं सोपं उत्तर. हल्लीचे विरघळणारे दोरे पाण्यानं तुटतात. शरीराच्या आत सगळं ओलं असतं, तिथे हे काम अखंड चालू राहतं. कातडीच्या बाहेर डोकावणाऱ्या टोकाला ते पाणी मिळतच नाही. ते कोरडं राहतं, म्हणून तसंच राहतं. आतला दोरा आपल्या वेळापत्रकाप्रमाणे चाललेला असतो आणि बाहेरचं टोक मात्र जसंच्या तसं दिसतं. ओढायचं का नाही, तर ते टोक आतल्या सलग दोऱ्याचंच असतं. ओढलं की भरत आलेली जखम हलते, आणि बाहेरची घाण आत जायला वाट मिळते.

आता तिचा दुसरा प्रश्न, आतल्या वेळापत्रकाचा. तो खरा मोठा आहे आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

शरीरात जिरून जाणारा पहिला दोरा म्हणजे तांत. पिंजारी कापूस पिंजायचा त्या धनुकलीची तांत, सारंगीला लावतात ती तांत, तीच ही. मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्याच्या थरापासून पीळ देऊन केलेली. इंग्रजीत तिला कॅटगट म्हणतात, पण मांजराचा त्यात काही संबंध नाही. रोमन काळात ग्लॅडिएटर योद्ध्यांच्या जखमा बघणारा वैद्य गॅलन असे दोरे वापरायचा. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याला मोठ्या काळ्या मुंग्या चावायला लावून, मग त्यांचं धड तोडून, डोकी तशीच ठेवायला सांगितलं आहे. पोटाच्या आत राहिलेली वस्तू परत काढायला जावं लागू नये, ही अडचण तेव्हाही कुणाच्या तरी डोक्यात होती.

मात्र हे सगळं 'असं करून पाहिलं, जमलं' या जातीचं होतं. नीट परीक्षा पाहिली ती जोसेफ लिस्टरनं. त्या काळी शस्त्रक्रियेत कापलेली रक्तवाहिनी रेशमाच्या किंवा तागाच्या दोऱ्यानं बांधायचे आणि दोऱ्याची लांब टोकं जखमेबाहेर लोंबकळत ठेवायचे. जखम कुजायची, दोऱ्याभोवतीचा भाग सडायचा, आणि रोज थोडं ओढून बघायचं की दोरा सुटतोय का. सुटताना कधीकधी रक्तवाहिनीच उघडी पडायची आणि आठ-दहा दिवसांनी, बरा होत आलेला माणूस रक्तस्रावानं जायचा. (भाचीच्या सासूबाईंना मी हे सांगितलेलं नाही. त्या बिचाऱ्या काळजीनंच बोलल्या होत्या.)

लिस्टरनं १८६७ मध्ये कार्बोलिक ॲसिडनं जखम निर्जंतुक ठेवण्याची पद्धत मांडली होतीच. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्यानं एका वासराच्या मानेतली मोठी रोहिणी कार्बोलिकमध्ये मुरवलेल्या तांतीनं बांधली, दोऱ्याची टोकं आखूड कापली आणि जखम बंद केली. महिन्याभरानं उघडून पाहिलं तर तांतीच्या जागी जिवंत ऊतींचा पट्टा तयार झाला होता. दोऱ्यानं आपलं काम करून जागा सोडली होती.

पण तांतीत एक खोट होती. ती फार लवकर ढिली व्हायची. मग लिस्टरनं तिला क्रोमियमच्या क्षारांत मुरवून पाहिलं. चामडं कमावतात तसंच हे. १८८१ च्या सुमारास ही 'क्रोमिक' तांत आली आणि टिकण्याचा काळ वाढला. साधी तांत आठवडा-दीड आठवडा जोर धरते, क्रोमिक तीन-चार आठवड्यांपर्यंत. 'विरघळतो का' यापेक्षा 'केव्हा विरघळतो' याला महत्त्व आहे हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं. पुढची दीडशे वर्षं माणसं त्या 'केव्हा'शीच झगडत आली आहेत.

तांत प्रथिनांची असते, म्हणून शरीरातली विकरं तिला पचवतात. पचनाचा वेग माणसागणिक बदलतो. ताप असला, जखमेत जंतू असले, तर ती लवकर संपते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. शिवाय परकं प्रथिन म्हणून शरीर थोडं रागावतं, सूज येते. गायींच्या मेंदूच्या आजाराची भीती पसरल्यावर युरोपात २००१ च्या सुमारास तिचा वापर थांबला. आपल्याकडे ती अजून मिळते. गुजरातेत राहताना हा मुद्दा आणखी एका बाजूनं येतो. आमच्या शेजारच्या जैन कुटुंबानं ऑपरेशनच्या आधी सर्जनला सरळ विचारलं होतं, दोरा प्राण्याचा आहे का. मला त्यात काही गैर वाटत नाही. पण असं विचारायचं ते आधी विचारावं, टेबलावर नव्हे. आणि सर्जन म्हणतील की या जागी हेच लागेल, तर त्याचं कारणही ऐकून घ्यावं.

आता माझ्या आवडीचा भाग. दह्यातलं लॅक्टिक ॲसिड तुम्हांला माहीत आहे. त्याचाच एक धाकटा भाऊ आहे, ग्लायकोलिक ॲसिड. या रेणूंची एकमेकांना गुंफून लांबलचक माळ करता येते. ग्लायकोलिकची अशी माळ रसायनशास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होती, पण प्लास्टिक म्हणून ती कुचकामाची ठरली होती, कारण ओलाव्यानं ती तुटते. ज्या मालाला पावसाळा सोसत नाही, त्याच्या बादल्या काय करायच्या? १९७० च्या सुमारास त्याच दोषातून पहिला कृत्रिम विरघळणारा दोरा बाजारात आला. चारेक वर्षांत नव्वद भाग ग्लायकोलिक आणि दहा भाग लॅक्टिक अशी मिसळ असलेला दुसरा आला. त्याचं शास्त्रीय नाव पॉलिग्लॅक्टिन ९१०, व्यापारी नाव व्हिक्रिल. आज घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल, तर बिलाच्या चौथ्या-पाचव्या ओळीत हे नाव सापडण्याची शक्यता बरीच आहे. जांभळ्या रंगाचा असतो तो, रक्तात उठून दिसावा म्हणून.

पाणी माळेच्या मण्यांमधल्या गाठी तोडतं. शेवटी सुटे मणी उरतात, म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिड. व्यायामानंतर आपल्या स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक शरीर जसं वापरून टाकतं, तसंच हेही. त्याचं शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. म्हणजे दोरा आपण अक्षरशः श्वासावाटे सोडून देतो. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचीसुद्धा मान वर करायची.

आता इथे जरा थांबा, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते.

तुमच्या घरात आजीची एखादी जुनी पैठणी असेल. पेटीत घडी घालून ठेवलेली. उघडली तर अंगभर पैठणीच, पदर तोच, मोर तेच. पण नेसायला घेतली की घडीवर टर्रकन फाटते. वजन केलं तर तेवढंच भरेल, जोर मात्र गेलेला. विरघळणाऱ्या दोऱ्याचं हुबेहूब असंच होतं. लांब माळ मधोमध एका जागी तुटली की तिची ताकद निम्मी होते, पण मणी सगळे तिथेच असतात. म्हणून दोऱ्याचा जोर आधी जातो, दोरा दिसेनासा होतो तो कितीतरी नंतर.

व्हिक्रिलचं सांगायचं तर दोन आठवड्यांनी त्याचा साधारण पाऊण जोर शिल्लक असतो, तीन आठवड्यांनी निम्मा, चार आठवड्यांनी पाव. पण शरीरातून तो पुरता नाहीसा व्हायला ५६ ते ७० दिवस लागतात. याच घराण्यातला एक झटपट प्रकार आहे, तो पाच दिवसांतच निम्मा होतो आणि दोन आठवड्यांत त्यात काही दम उरत नाही. प्रसूतीच्या वेळच्या खालच्या टाक्यांना तो वापरतात आणि त्याच्या गाठी आठवडा-दीड आठवड्यानं आपोआप गळून पडतात. नव्या आया गाठ गळाली की घाबरतात, म्हणून हे लिहून ठेवते. उलट पॉलिडायॉक्सॅनोन नावाचा दोरा चार आठवड्यांनीही निम्म्याच्या आसपास जोर राखतो आणि पुरता जायला सहा महिने, कधी त्याहूनही जास्त घेतो.

म्हणजे 'विरघळणारा' हा एक दोरा नाही, ते सगळं गणगोत आहे. दोन घड्याळं चालू असतात. एक जोराचं, एक नाहीसं होण्याचं. आणि तिसरं घड्याळ जखमेचं, जे सगळ्यांत संथ आहे. पाठ्यपुस्तकांत कातडीच्या जखमेचे जे आकडे सांगतात ते असे : आठवड्यानं मूळ ताकदीच्या जेमतेम तीन टक्के, तीन आठवड्यांनी वीसेक टक्के, तीन महिन्यांनी ऐंशी. शंभर कधीच नाही. पोटाच्या भिंतीचा जो चिवट थर असतो, तो सांधायलाही असाच वेळ लागतो. म्हणून तिथे सर्जन सावकाश जाणारा दोरा निवडतात.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. वरची खूण तिसऱ्या आठवड्यात इतकी सुंदर भरली की ते सगळ्यांना शर्ट वर करून दाखवायचे. "टाकेसुद्धा विरघळले," म्हणायचे. त्याच आठवड्यात त्यांनी गॅसचा सिलिंडर उचलून स्वयंपाकघरात ठेवला. काही महिन्यांनी त्या जागी फुगवटा आला, हर्निया. सिलिंडरमुळेच आला असं मी छातीठोक म्हणणार नाही, खोकला, वजन, साखर, सगळ्याचाच हात असतो. पण त्यांचा हिशोब चुकला होता एवढं खरं. वरचा टाका दिसेनासा झाला तेव्हा आतला दोरा अर्धा थकलेला होता आणि आतली भिंत अजून लेकुरवाळी होती. 'सहा आठवडे जड उचलू नका' हे डॉक्टर उगीच म्हणत नाहीत. त्या सहा आठवड्यांमागे ही तिन्ही घड्याळं आहेत.

मग सगळीकडे न विरघळणाराच दोरा का वापरत नाहीत? काही ठिकाणी वापरतातच. हृदयाची कृत्रिम झडप किंवा रक्तवाहिनीला जोडलेली कृत्रिम नळी शरीराशी कधीच पुरती एकजीव होत नाही, तिथे दोरा जन्मभर हवा. पण मूत्राशयात कायमचा दोरा राहिला तर त्याभोवती क्षार जमून खडा होतो. तिथे जाणाराच हवा.

एक छोटी गोष्ट जाता जाता. हे दोरे ॲल्युमिनियमच्या बंद पाकिटात येतात, त्याचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल. पाकीट फुटलं, हवेतली आर्द्रता आत गेली, की घड्याळ तिथेच सुरू होतं. जुलै महिन्यात आपल्याकडच्या हवेत तर विचारूच नका.

दोऱ्यावर हात बसल्यावर माणसाला वाटणारच, की याच मालाचे खिळे, पट्ट्या, नळ्या का करू नयेत? केल्या. लहान मुलांच्या कवटीच्या शस्त्रक्रियेत धातूच्या पट्ट्यांची अडचण असते. डोकं वाढतं, पट्टी वाढत नाही. तिथे वर्षभरात जिरणाऱ्या पट्ट्या १९९० च्या दशकापासून वापरात आहेत. गुडघ्याचा दोर तुटल्यावर नवा बसवताना लावतात त्या स्क्रूमध्येही हे प्रकार मिळतात. क्रिकेट आणि गरब्याच्या कृपेनं आमच्या ओळखीतच तिघांच्या गुडघ्यात ते आहेत. यातले काही स्क्रू हाडात जिरायला कित्येक वर्षं घेतात, ही गोष्ट त्या तिघांपैकी एकालाही माहीत नव्हती.

मला सगळ्यांत जास्त भावलेला प्रयोग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात झाला, २०१२ च्या फेब्रुवारीत. काही महिन्यांच्या एका बाळाची श्वासनलिकेची फांदी इतकी मऊ होती की श्वास सोडताना ती मिटून जायची. बाळ पुनःपुन्हा निळं पडायचं. तिथल्या डॉक्टर-इंजिनियर जोडीनं बाळाच्या सीटी स्कॅनवरून, पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाच्या विरघळणाऱ्या प्लास्टिकचा एक बारीकसा, उभा चिरलेला नळा छापला. तो फांदीच्या बाहेरून बसवला आणि मऊ भिंत टाक्यांनी त्याला टांगून उघडी ठेवली. तीन आठवड्यांत व्हेंटिलेटर सुटला. हा नळा साधारण तीन वर्षांत जिरतो, आणि मुलाची श्वासनलिका आपली आपण उभी राहायला एवढाच अवधी पुरतो. इथे तिन्ही घड्याळं जुळली. शिवाय नळा उभा चिरलेला असल्यानं बाळ वाढेल तसा तोही उघडत जातो. एवढा विचार केलेली वस्तू बघितली की छान वाटतं.

घड्याळ चुकलं की काय होतं त्याचंही जुनं उदाहरण आहे. बेल्जियमच्या लॅम्बॉट नावाच्या सर्जननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडलेल्या पायाला मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली. मॅग्नेशियम शरीरात जिरतो हे खरं. पण दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट पाणी म्हणजे बॅटरीच झाली, तुम्ही बारावीत केलेली. आठ दिवसांत पट्टीचा चुरा, आणि कातडीखाली हायड्रोजन वायूचा फुगा. आज मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे सावकाश जिरणारे स्क्रू आहेत, युरोपात २०१३ पासून परवानगी आहे. मधली शंभर वर्षं मुख्यतः वेग कमी करण्यात गेली.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर बरं दिसलं असतं. पण एक गोष्ट घरातली आहे, आणि त्यात माझा हात आहे.

२०१४ मध्ये आमच्या थोरल्या भाऊजींच्या हृदयाच्या एका रोहिणीत अडथळा निघाला. स्टेंट घालायची ठरली. तिथे आमच्यापुढे दोन पर्याय ठेवले गेले : औषध लावलेली धातूची नेहमीची स्टेंट, किंवा नवी, विरघळणारी, पॉलिलॅक्टिक ॲसिडची, ॲबसॉर्ब नावाची. भारतात ती येऊन दोनेक वर्षं झाली होती. किंमत लाखाच्या वर. घरच्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी 'केमिस्ट्रीवाली'. आणि मी कँटीनमध्ये कागदी रुमालावर लॅक्टिक ॲसिडची माळ काढून सगळ्यांना समजावलं, की बघा, तीन वर्षांत आत काही राहणार नाही, रोहिणी पुन्हा मोकळी, शरीरात धातू नको. जाऊबाईंना ते इतकं पटलं की त्यांनी बांगड्या मोडायची तयारी दाखवली. मोडाव्या लागल्या नाहीत, पण ठेव मोडली.

रसायनशास्त्र मी बरोबर सांगितलं होतं. जे विचारायला हवं होतं ते विचारलं नाही. नव्या स्टेंटची जुनीशी तुलना किती वर्षांची आहे? कितीजणांवर? कारण प्लास्टिकला धातूएवढा जोर यायचा तर तारा जाड कराव्या लागतात. या स्टेंटच्या तारा दीडशे मायक्रॉनच्या आसपास जाड होत्या, चांगल्या धातूच्या स्टेंटच्या जवळजवळ दुप्पट. जाड तार रक्ताच्या वाटेत येते, तिच्याजवळ गुठळी व्हायची शक्यता वाढते. शिवाय ती विरघळते म्हणजे एके दिवशी गुळगुळीत नाहीशी होते असं नाही, ती आधी ठिसूळ होते, तुटते. आजीची पैठणी पुन्हा. तुटलेला तुकडा भिंतीत रुतलेला असेल तर ठीक, मोकळा वाहत्या रक्तात लोंबकळत असेल तर नाही.

जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली आणि मार्च २०१७ मध्ये तिथल्याच औषध प्रशासनानं डॉक्टरांना सावधगिरीचं पत्र पाठवलं. दोन वर्षांच्या पाहणीत हृदयाशी संबंधित गंभीर घटना विरघळणाऱ्या स्टेंटच्या रुग्णांत ११ टक्के, धातूच्या स्टेंटच्या रुग्णांत ७.९ टक्के होत्या. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण १.९ टक्के विरुद्ध ०.८ टक्के. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीनं, खप कमी आहे असं सांगून, विक्री थांबवली. आपल्याकडे त्याच फेब्रुवारीत सरकारनं स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली होती, त्यात विरघळणारी आणि औषध लावलेली धातूची, दोन्ही एकाच रांगेत आल्या : २९,६०० रुपये.

ही बातमी मी पेपरात वाचली तेव्हा भाऊजींच्या स्टेंटला तीन वर्षं होत आली होती. त्या दिवशी मी त्यांना फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी केला, तो पुतण्याला. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन त्यानं विचारलं. ते म्हणाले, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, बाकी तब्येत उत्तम आहे. पुढे आलेल्या पाच वर्षांच्या पाहणीत असं दिसलं, की हा जास्तीचा धोका मुख्यतः पहिल्या तीन वर्षांचा होता, म्हणजे स्टेंट जिरेपर्यंतचा. नंतर दोन्ही गट बरोबरीला आले. भाऊजी त्या तीन वर्षांतून सुखरूप निघाले. ज्यांना तसं जमलं नाही त्यांच्या घरात कँटीनच्या रुमालावर कुणी चित्र काढलं होतं का, हा विचार मला अजून येतो.

ही कल्पनाच चुकीची होती असं मात्र मी मानत नाही. आपल्या रेल्वेलाइनवर खाली वापीला एका कंपनीनं शंभर मायक्रॉन जाडीची विरघळणारी स्टेंट केली आणि तिची पहिली चाचणी भारतातल्याच १०८ रुग्णांवर झाली. गुडघ्याखालच्या बारीक रोहिण्यांसाठी अशी स्टेंट एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तिथे पायाला वाकावं-दबावं लागतं, कायमचा धातू त्रासाचा ठरतो, म्हणून गरज खरी आहे. पण उद्या तुमच्यापैकी कुणाला असा पर्याय दिला गेला, तर 'शरीरात काही राहत नाही' या वाक्यानं माझ्यासारखे भुलू नका. जोर किती दिवस, जायला किती दिवस, आणि जुन्या पद्धतीशी ताडून किती वर्षं पाहिलं आहे, एवढं विचारा. चांगला डॉक्टर चिडत नाही. आणि जे काही आत बसवलं त्याचं कार्ड किंवा पाकिटावरचा स्टिकर डिस्चार्जच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या, फोनमध्ये फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी 'काहीतरी विरघळणारं घातलं होतं' या माहितीचा कुणाला उपयोग होत नाही.

भाचीला हे सगळं तीन व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. तिचं उत्तर आलं, "म्हणजे सहा आठवडे बादली उचलायची नाही, हे सासूबाईंना तूच सांग." सांगितलं. त्यांनी ऐकलं, वर मला शेवग्याच्या शेंगा पाठवल्या.

भाऊजींची मागच्या वर्षी दुसऱ्याच कारणानं पुन्हा अँजिओग्राफी झाली. स्टेंटचा मागमूस नाही. फक्त चार बारीक ठिपके दिसले. स्टेंट एक्स-रेवर ओळखू यावी म्हणून तिच्या दोन्ही टोकांना प्लॅटिनमचे दोन-दोन टिपके लावलेले असतात, तेवढे राहिले. प्लास्टिक गेलं, खूण उरली. भाऊजींना पडद्यावर ते दाखवले, तर ते डॉक्टरांना म्हणाले, "प्लॅटिनम? मग ठेव अगदीच बुडाली नाही म्हणायची."